घाटाखालचा हुंकार

कहाणी सांगायला एक माणूस लागतं आणि हुंकार द्यायला दुसरं. मुठीत गव्हाचे दाणे धरून समोर कोणी बसलं नाही, वाक्यावाक्याला 'हं' म्हटलं नाही, तर ती कहाणी देवापर्यंत पोचतच नाही, असं धनुबाईला तिच्या सासूने सांगितलेलं. सासू होती तोवर हुंकार सासूचा. ती गेल्यावर लेकीचा, मयूरीचा. शाळेत जायची घाई, एक वेणी घातलेली, एक सुटलेली, पण पोरीचं 'हं' कधी चुकलं नाही. मग मयूरी सुरतेला सासरी गेली, आणि प्रकाशा गावाजवळच्या त्या तापीकाठच्या घरात सोमवारच्या व्रताला दाणे धरायला दुसरी मूठच राहिली नाही.

शेजारच्या तुळशीबाईला तिने बोलावून पाहिलं. पण तुळशीबाईचा जीव केळीच्या पाण्यात अडकलेला. वीज आली की ती दाणे पदरात टाकून उठायची आणि मोटरीकडे धावायची. जाता जाता वर म्हणायची, "तू सांग वं, मी तठूनच आयकस." असं कुठे व्रत होतं का?

म्हणून मग हुंकार फोनवर गेला.

धनुबाईचा नवरा लोटन पिकअप चालवायचा. शहाद्याहून माल भरायचा आणि धडगावकडे डोंगरात पोचवायचा. कधी सिमेंट, कधी कांदे-बटाटे, कधी घरांवर घालायचे पत्रे. मयूरीने दिवाळीला बापासाठी काळ्या डबीसारखं एक यंत्र आणलं आणि जावयाने ते गाडीत बसवून दिलं. फोन आला की बटण दाबायचं, की माणसाचा आवाज गाडीभर. कानाला फोन लावायला नको, मान वाकडी करायला नको. लोटन खूश होता. "हात मोकळाच शेतस आते," तो सगळ्यांना सांगायचा.

त्या मोकळ्या हातांच्या भरवशावर सोमवारची कहाणी गाडीत शिरली. धनुबाई तापीवर अंघोळ करायची, केदारेश्वराला पाणी घालून यायची, देवापुढे पाट मांडायची आणि फोन तांब्याला टेकवून ठेवायची. स्वतःच्या मुठीत दाणे आणि लोटनच्या वाटणीचेही दाणे तिच्याच दुसऱ्या मुठीत. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, तो कुठून धरणार! ती सांगायची, तो 'हं' म्हणायचा.

ती त्या रस्त्याने कधीच गेली नव्हती, पण तिला तो कानांनी पाठ झाला होता. शहाद्याबाहेर उसाच्या ट्रॉल्या लागल्या की लोटन हॉर्न वाजवायचा आणि मनातल्या मनात कोणाचा तरी उद्धार करत असणार, असं तिला वाटायचं. म्हसावदच्या बाजारात माणसांचा कालवा. पुढे गाडीचा आवाज जड व्हायचा, म्हणजे घाटाचा पायथा आला. तिथे महूचं, म्हणजे मोहाचं, एक मोठं झाड आहे आणि हातपंप आहे, असं तो सांगायचा. सपाटीवरच्या खड्ड्यांनी मालाचा दोर ढिला होतो, म्हणून घाट चढण्याआधी त्या झाडाखाली गाडी उभी करून दोर पुन्हा आवळायचा, हा त्याचा जुना नेम. "थांब, दोर देखी लेस," म्हणायचा. दार आपटायचं. मग झाडावर होला पक्षी घुमायचा, मालावर हाताच्या थापा पडायच्या, पुन्हा दार. त्यानंतर घाटात फोनची रेंज जायची आणि घरात कोणीच नसायचं. म्हणून कहाणी महूच्या झाडाच्या आत संपवायची, असा धनुबाईने आपल्यापुरता नियम करून घेतला होता.

खरं सांगायचं तर तिला कहाणीइतकीच त्या 'हं'ची ओढ होती. आठवडाभर घरात भांडं पडलं तरी दचकायला तीच आणि उचलायलाही तीच. लोटन रात्री यायचा तो दमून, जेवून आडवा. सोमवारी सकाळी मात्र तो तिचं ऐकायचा. दुसरं काही करता येत नाही म्हणून का होईना, ऐकायचा.

पौषातल्या त्या सोमवारी देवळात गर्दी होती. मध्य प्रदेशातून यात्रेकरूंच्या दोन गाड्या आल्या होत्या. धनुबाईला उशीर झाला. ओल्या केसांनीच ती पाटावर बसली.

"कोठे पोचनात?"

"म्हसावद गयं. आज बरी आठवण उनी!"

"देवनी लाईन व्हती. काय भरेल शे?"

"पत्रा. घरकुलना. बोल, सांग लवकर."

तिने कहाणी सुरू केली. धाकट्या सुनेची कहाणी, लांबलचक. धाकटी सून रानात एकटी राहिली तिथवर आली, तेवढ्यात गाडीचा आवाज जड झाला.

"मयूरीनी माय, जराखं थांब ना. दोर देखी लेस."

धनुबाईच्या दोन्ही मुठी भरलेल्या. कहाणी मध्यावर. सासू सांगायची, कहाणी चालू असताना उठू नये, उठू देऊ नये.

"अर्धी नका सोडा," ती म्हणाली. "थोडीच ऱ्हायनी. द्या हुंकार."

पलीकडे इंजिनाने दम घेतला, गिअर बदलला.

"हं," लोटन म्हणाला.

ती सांगत गेली. तो 'हं' म्हणत गेला. रेंज तुटायला लागली तशी तिने घाई केली. धाकट्या सुनेला देव भेटणार इतक्यात फोनमधून पत्र्यावर पत्रा घासल्याचा लांब आवाज आला, मग लोटनचं ओरडणं, आणि मागून, जरा दूरवरून, एका बाईची किंकाळी.

आणि फोन बंद.

धनुबाईने मुठी उघडल्या नाहीत. कहाणी संपली नव्हती. ती तशीच बसून राहिली. मग कोपराने फोन पुढे ओढला आणि नाकाने बटण दाबलं. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. गल्लीतून शेळ्या गेल्या. तुळशीबाईची मोटर सुरू झाली, बंद झाली. घामाने दाणे तळहाताला चिकटले. इतकी वर्षं त्या घरात शांतता होती, पण त्या दुपारी तिला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

उन्हं उतरता उतरता अनोळखी नंबरवरून फोन आला. "वहिनी, मी बाज्या बोलतो, जीपवाला. धडगावची जीप चालवतो. लोटनभाऊ चांगला आहे. हे घ्या, बोला."

"काय व्हयनं?" ती ओरडलीच.

"काही नही. दोर ढिला व्हयना. पत्रा सरकना," लोटनचा आवाज खोल गेला होता. "बाज्यानी जीप मांगे व्हती."

"कोनले लागनं का?"

"एक बाईना हातले."

तो रात्री आला. बाई रूपलीबाई नावाची होती. बाज्याच्या जीपमध्ये कडेला बसलेली, हात बाहेर. वळणावर पत्रा निसटून मागे गेला आणि दंड कापत गेला. टाके पडले. लोटन टाके पडेपर्यंत तिथेच बसून होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याने दोर तपासला नव्हता असंच सांगितलं. का तपासला नाही, ते सांगितलं नाही. धनुबाईलाही नाही. जेवताना त्याने मान वर केली नाही.

धनुबाईने मात्र कारण आपल्यापुरतं शोधून ठेवलं होतं. कहाणी अर्धी राहिली. देवाची भेट व्हायच्या आत फोन तुटला, हुंकार तुटला, म्हणून हे झालं. बाईचं रक्त सांडलं ते आपल्या अपुऱ्या व्रताने. यापुढे वेळेत बसायचं, म्हसावदच्या खूप आधी. एक शब्दही मध्ये तुटू द्यायचा नाही. आणि त्या बाईच्या पाया पडून यायचं.

"मी बी येस," दोन दिवसांनी ती म्हणाली. लोटनला पुन्हा पत्रे घेऊन जायचं होतं, त्याच घरकुलाचे उरलेले.

"तू? काबर?"

"तिन्ही ओटी भरसू."

लोटन तिच्याकडे बघत राहिला. लग्नानंतर ती त्याच्या गाडीत बसली होती ती नंदुरबारच्या दवाखान्यात जायला आणि मयूरीच्या लग्नाच्या खरेदीला. "बठ मंग," तो म्हणाला. "पण घाटमा डोळा मिटजो नको. उलटी व्हस."

शहाद्याला पत्रे भरले. लोटनने स्वतः दोर टाकला, मागचा फाळका लावला, टोकाला लाल फडकं बांधलं. धनुबाई मांडीवर नारळ, खण आणि गव्हाची पुडी घेऊन बसली. इतके दिवस ज्या रस्त्याचे नुसते आवाज ऐकले, तो रस्ता काचेपलीकडे उलगडत होता. उसाच्या ट्रॉल्या खऱ्याच होत्या, आणि केवढ्या! लोटन खरोखरच मनातल्या मनात शिव्या देत होता. ओठ तेवढे हलायचे. तिला हसू आलं. म्हसावदला त्याने तिला भजी विचारली. "आज चतुर्थी शे," ती म्हणाली. "तुन्हा रोज काही ना काही शेच," तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. अपघातानंतर ते पहिल्यांदाच असं बोलत होते.

म्हसावद सुटलं आणि गाडीभर घंटी वाजली. लोटनने बटण दाबलं.

"बापू!" मयूरीचा आवाज एवढा मोठा आला की धनुबाई बाजूला सरकली. जणू पोरगी दोघांच्या मध्येच बसली होती. "ऐका ना, काय झालं माहितीये? सोनमने शाळेत नाचात पहिला नंबर काढला!"

"मन्ही वाघीण!" लोटन नातीच्या कौतुकाने हसला.

"आणि यांचं ऐका..." मयूरी सांगायला लागली. नवऱ्याची बदली, सासूचं गुडघ्याचं दुखणं, शेजारणीने मारलेला टोमणा. सुरतेतल्या त्या फ्लॅटमध्ये तिलाही दिवसभर ऐकणारं कोणी नसावं, असं धनुबाईला वाटून गेलं. ती काही बोलणार होती, पण तिचं लक्ष लोटनकडे गेलं आणि ती गप्प झाली.

त्याचे हात स्टिअरिंगवर होते. डोळे रस्त्यावर होते. पण त्या डोळ्यांत रस्ता नव्हता. तो सुरतेला होता. पोरीच्या सासूचा गुडघा बघत होता, शेजारणीला तोंड भरून उत्तर देत होता. समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. धनुबाईला ती केव्हाची दिसत होती. लोटनने ब्रेक दाबला तो फारच उशिरा, बाई धावत बाजूला झाल्यावर. "हं," तो मयूरीला म्हणाला. "मंग?"

हेच ते 'हं'.

उजवीकडे एक मोठं झाड आलं. खाली हातपंप, दगडावर कोणी बसलेलं.

"आयकतस का?" ती म्हणाली. "हाऊच ना तो महू?"

लोटनने ऐकलं नाही. एका हाताच्या अंतरावर बसलेल्या बायकोचं त्याने ऐकलं नाही, इतका तो त्या आवाजात बुडाला होता. झाड मागे गेलं. इंजिन जड झालं. घाटाचं पहिलं वळण समोर उभं.

इतके सोमवार मी तिथे होते, तिच्या मनात आलं, या काळ्या डबीत. आणि शेजारच्या जागेवर कोणी असतं, तर त्याचंही यांनी ऐकलं नसतं. मागे जीपमध्ये हात बाहेर काढून बसलेल्या रूपलीबाईचं कोण ऐकणार होतं?

कहाणी तुटली म्हणून काही झालं नव्हतं. कहाणी तुटली नाही म्हणून झालं होतं.

"मयूरी," ती मोठ्याने म्हणाली, "ठेव फोन."

"माय? तू गाडीत? अगं, मग बोल ना..."

"ठेव बेटा. बापू गाडी चालाडी ऱ्हायना."

"अगं पण हात मोकळे असतात, मुद्दाम तेवढ्यासाठीच तर..."

"ठेव."

मयूरीने फोन ठेवला. पोरगी रुसली, हे आईला त्या शांततेतही कळलं. लोटन झोपेतून उठल्यासारखा तिच्याकडे बघायला लागला.

"दोर," ती म्हणाली. "झाड मांगे गयं."

त्याने आरशात पाहिलं. चेहरा उतरला. वळणाच्या आत जागा होती तिथे गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि मागे गेला. धनुबाईही उतरली. त्याने दोराखाली बोटं घातली. बोटं आरामात गेली, वर मनगटही गेलं असतं. दोघांनी मिळून दोर आवळला. त्याने ओढला, तिने गाठीवर अंगठा धरला.

"त्या दिवशी मीच म्हनेल व्हतं," ती शेवटी म्हणाली. "अर्धी नका सोडा."

"गाडी मी चालाडत व्हतू," लोटन म्हणाला. गाठ मारून तो पुढे गेला.

रूपलीबाईचं घर रस्त्यापासून चढावर होतं. बाज्या त्यांना रस्त्यावरच भेटला आणि दुभाष्या म्हणून वर आला. रूपलीबाई अंगणात एका हाताने तूर पाखडायचा प्रयत्न करत होती. दुसरा हात फडक्यात गळ्यात. धनुबाईने खण-नारळ पुढे ठेवला आणि वाकली. रूपलीबाई पाय मागे घेत बाज्याला भराभर काहीतरी म्हणाली. बाज्या हसला.

"काय म्हणस ती?" धनुबाईने विचारलं.

"म्हणते, नवऱ्याला सांग, पत्रा घरावर घालतात, माणसावर नाही."

लोटनने मान खाली घातली. रूपलीबाई आणखी काही म्हणाली. या खेपेला बाज्या हसला नाही.

"आणि म्हणते, हात बरा होईल. पण ऊसतोडीला या साली जाता येणार नाही. पोरं, सून, सगळे गेले. ही एकटीच मागे राहिली."

धनुबाईने अंगणाकडे पाहिलं. मोठं घर, झाडलेलं, रिकामं. चुलीपाशी एकच थाळी पालथी. तिने सूप ओढून घेतलं आणि तूर पाखडायला बसली. रूपलीबाईने थोडा वेळ बघितलं, मग ती शेजारी बसून खडे वेचायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तूर संपेपर्यंत हात तेवढे चालत राहिले.

उतरताना लोटनने विचारलं, "मंग सोमवारनी कहाणी?"

"महूना झाडखाले," ती म्हणाली. "गाडी बंद. दोर पहिले. मंग फोन. तोपर्यंत डबी बंद आन फोन गाडीना समोरना खणमा."

"आन उशीर व्हयना तर?"

"व्हवो."

पुढच्या सोमवारी ती वेळेवर पाटावर बसली. फोन तांब्याला टेकवला. केला मात्र नाही. तो आता कुठे असेल, हे सांगणारा एकही आवाज नव्हता. ट्रॉल्या लागल्या असतील का? म्हसावद? काहीच कळत नव्हतं. त्या दुपारी होती तशीच ही शांतता होती, तसूभरही वेगळी नाही. तेव्हा तिच्यात रक्त होतं, आता तिच्यात, देवाच्या दयेने, एक माणूस नीट रस्त्याकडे बघत असावा. हे धरून बसायचं, एवढंच तिच्या हातात होतं. तिने डोळे मिटून नाव घेतलं. पाठीला रग लागली. तुळशीबाई दारातून डोकावली. "आजून व्हयनी नही का वं तुन्ही कहाणी?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गेली.

फोन वाजला तेव्हा धनुबाईने आधी नुसतंच ऐकलं. खोल घरघर होती.

"बोल," लोटन म्हणाला.

"गाडी चालू शे."

"उभी शे वं. इंजिन तेवढं चालू शे. झाडखालेच शे मी."

"बंद करा."

घरघर थांबली. होला घुमला.

"दोर?"

"तुन्ही कहाणी व्हयनी का देखस..."

"पहिले दोर."

दार आपटलं. थापा पडल्या. बराच वेळ कुरकुर ऐकू आली; दोर पत्र्याच्या कडेवर घासत आवळला जात होता. मग तो परत आला, धापा टाकत. "ढिला व्हता," म्हणाला, आणि जरा थांबून, "दाणा कोठे शेतस?"

"समोरना खणमा. पुडी ठेवेल शे मी."

कागद उघडल्याचा आवाज आला. इतक्या सोमवारांत पहिल्यांदा लोटनच्या वाटणीचे दाणे लोटनच्या मुठीत होते. तिने सुरुवातीपासून कहाणी सांगितली. धाकटी सून रानात गेली, एकटी राहिली. "हं." वाट चुकली. "हं." हे 'हं' पूर्वीसारखं नव्हतं. सावकाश यायचं, आणि सबंध यायचं. धाकट्या सुनेला देव भेटला, तेव्हा लोटनने हलकेच नाक ओढलं.

"आते दाणा कोठे टाकू?"

"तठेच टाका. पाखरे खातीन."

"बरं. निंघस मंग. फोन खणमा ठेवस." खण ओढल्याचा आवाज आला. "सांजलेच बोलणं व्हई आते."

"व्हई. जा."

फोन बंद झाला. धनुबाईने आपले दाणे अंगणात टाकले, पाट उचलला, तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. मग घरात येऊन बसली. आता तो पहिलं वळण घेत असेल, मग दुसरं. आता तिच्याशी बोलायला त्याला सवड नव्हती आणि तशी सवड नसावी, असंच तिने मागून घेतलं होतं. बाहेर उन्हात चिमण्या दाण्यांवर आल्या होत्या. त्या उडून गेल्यावर घरात काही म्हणता काही हललं नाही. संध्याकाळ अजून फार लांब होती.

ती ऐकत राहिली. आणि मग कोणीच काही सांगत नसताना, तिने हळूच म्हटलं, "हं."